पगार अर्धा, हप्ता पूर्ण, आणि वर म्हणे आभार माना

या महिन्यात पैशाच्या टेन्शनची पत्रं जास्त आलीत, बहुतेक नाशिक आणि आसपासचीच. गंमत बघा, ज्या शहरात १९२८ पासून देशाच्या नोटा छापतात तिथलेच लोक विचारतायत की महिन्याची वीस तारीख कशी काढायची. तीन पत्रं घेते. पहिलं मोठं आहे त्यामुळे उत्तरही मोठंच होणार, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सिडकोत राहते, पवननगरजवळ. मिस्टर अंबडला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर होते, मोठ्या कंपन्यांना पार्ट बनवून देणारं छोटं वर्कशॉप. दिवाळीनंतर ऑर्डरी कमी झाल्या आणि जानेवारीत काही जणांना घरी बसवलं त्यात हेही. आता दुसरीकडे कंत्राटावर जातात, पगार आधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. फ्लॅटचं कर्ज अठरा लाख बाकी आहे, अजून बारा वर्षं, हप्ता साडेवीस हजार. क्रेडिट कार्डवर चाळीस हजार झालेत, त्याचं दर महिन्याला मिनिमम ड्यू तेवढं भरतोय. मी घरी ब्लाउज शिवते (अस्तर, दोरे, हुक सगळं कोपऱ्यावरच्या दुकानातून उधारीवर आणते, ते दादा वहीत लिहून ठेवतात, मागत नाहीत). मुलगी नववीत आहे, तिने स्वतःहूनच क्लास बंद केला, म्हणे मैत्रिणीकडे बसून अभ्यास होतो. सासूबाई दिवसातून दहा वेळा म्हणतात, देवाचे आभार मान, डोक्यावर छप्पर आहे, ठेविले अनंते तैसेचि राहावे. मैत्रिणीने ग्रॅटिट्यूड डायरी दिली, रोज पाच चांगल्या गोष्टी लिही म्हणाली. थोडे दिवस लिहिलं, मग एका सकाळी हप्ता बाउन्सचा मेसेज आला आणि डायरी कपाटावर फेकली. भिशी सोडली, माहेरी काहीच सांगितलं नाहीये, बहिणीला वाटतं आमचं मस्त चाललंय. आता वाटायला लागलंय की मीच कृतघ्न आहे का? – एक वाचक, सिडको

उत्तर : अगं, कृतघ्न कसली, दमलीयेस तू. डायरी कपाटावर आहे ना, राहू दे तिथेच सध्या, ती काही खायला मागत नाही.

आधी डोक्याचं सांगते. पैशाची चणचण असली की माणूस नुसता दुःखी होत नाही, त्याचं डोकंच भरलेलं असतं, दुसरं काही आत शिरायला जागा नसते. २०१३ साली सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, तमिळनाडूतल्या ऊसवाल्या शेतकऱ्यांवरचा. त्याच शेतकऱ्यांना ऊस तोडणीच्या आधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर बुद्धीच्या सारख्याच चाचण्या दिल्या, तर आधीच्या वेळी त्यांचे मार्क कमी आले. माणूस तोच, अक्कल तीच, फक्त खिसा रिकामा. आपल्याकडे निफाडला नाहीतर कोपरगावला ऊस लावणाऱ्या कुणालाही विचार, तो म्हणेल यात अभ्यास काय करायचा, आम्हाला माहितीच आहे. तेव्हा हप्ता बाउन्स झालेल्या सकाळी तुला पाच चांगल्या गोष्टी आठवल्या नाहीत यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाहीये.

म्हणून मी तुला आभाराच्या आधी दोन कामं सांगते, रुक्ष आहेत पण कर.

पहिलं काम बँकेचं. दोघंही शाखेत जा, फोनवर नको, आणि सांगा की पगार कमी झालाय, मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या. अठरा लाख, बारा वर्षं, साडेवीस हजार म्हणजे व्याज नऊ टक्क्यांच्या आसपास दिसतंय. तेच कर्ज अठरा वर्षांवर नेलं तर हप्ता साधारण १६,९०० होतो, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या वर सुटतात. फुकट नाही मिळत हे, पूर्ण मुदत फेडलं तर एकूण व्याज जवळजवळ सात लाखांनी वाढतं, पण पुढे पगार सुधारला की जादा रक्कम भरून मुदत परत खाली आणता येते, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या घरकर्जाला त्याचा दंड नसतो. बँक हो म्हणेलच असं नाही, मिस्टरांचं वय, रिटायरमेंट वगैरे बघतात. पण हे बोलणं हप्ते थकायच्या आधी किंवा थकायला लागल्या लागल्या झालेलं बरं, कारण ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या वहीत थकीत कर्जात जातं, आणि मग समोरच्याचा सूरच बदलतो.

दुसरं काम कार्डचं, आणि हे जास्त घाईचं आहे. कार्डचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धर आणि मिनिमम ड्यू पाच टक्के, तर चाळीस हजारांवर तू दोन हजार भरतेस, त्यातले चौदाशे व्याजात गेले, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे अजून अडीचशे, राहिले साडेतीनशे, तेवढंच मुद्दल कमी झालं. असं कधी फिटायचं? घरात एखादी अंगठी, बांगडी पडून असेल तर बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढ आणि कार्ड एकदम बंद कर, बँकेच्या सोनेतारणाचं व्याज कार्डच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याइतकंच असतं. मंगळसूत्र नको म्हणत असशील तर नको, त्यावर मी वाद घालणार नाही.

आणि वसुलीवाल्यांचे फोन येत असतील तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, शिवीगाळ तर अजिबातच नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे.

आता आभाराचं. सासूबाईंचं म्हणणं मला चूक वाटत नाही, वेळ चुकते त्यांची. आणि तुकोबांच्या नावावर गप्प बसवणाऱ्यांना मी एक आठवण नेहमी करून देते. तुकोबा काही भरल्या पोटी समाधानाच्या गोष्टी सांगणारे नव्हते. घरात महाजनकी, सावकारी, आणि १६३०च्या आसपासच्या त्या भयंकर दुष्काळात सगळं धुऊन गेलं, दिवाळं निघालं, बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. लोक घराण्याचं देणं लागत होते, त्या कर्जखतांतली आपल्या वाटणीची तुकोबांनी इंद्रायणीत सोडली अशी कथा सांगतात. म्हणजे हिशेब काय असतो, वसुली काय असते हे ज्याला आतून माहीत होतं असा माणूस तो. त्याने रडायचं नाही असं कुठेही सांगितलेलं नाही, उलट देवाशी कडाकडा भांडलाय. तेव्हा तूही भांड.

पण मला खरं खटकलं ते वेगळंच, तुझ्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी. भिशी सोडली, माहेरी सांगितलं नाही, बहिणीला वाटतं मस्त चाललंय. अगं मग तू आभार मानणार कुणाचे? कुणाला काही कळलंच नाही तर कुणी काही करणार नाही, आणि कुणी काही केलंच नाही तर देवाचे, छपराचे असले मोघम आभार तेवढे उरतात, आणि ते मनापासून येत नाहीत, कुणाचेच येत नाहीत. पैसे गेल्यावर आपण पहिल्यांदा काय करतो तर दार लावून घेतो. लग्नाला जायचं टाळतो कारण आहेर काय करायचा, मैत्रिणींनी मिसळ खायला बोलावलं तर पोट बिघडलंय म्हणतो (नाशकात राहून मिसळीला नाही म्हणायचं म्हणजे संशय येणारच, पण असो). मग एकटं पडतो आणि वर म्हणतो, जगात कुणी कुणाचं नसतं.

आणि तरी बघ, इतकं दार लावून घेतलंस तरी एक माणूस आत आलाच, आणि तू त्याला कंसात टाकलंयस! ते कोपऱ्यावरचे दादा. त्यांचं दुकान केवढं असेल, आठ बाय दहा? त्यांनाही होलसेलवाल्याचे पैसे द्यायचे असतात. ते वहीत लिहितात आणि मागत नाहीत, याचा अर्थ ते विसरलेत असा नाही, रोज संध्याकाळी गल्ला मोजताना तुझं पान त्यांना दिसत असणार. त्यांच्याकडे जा आणि तोंडाने सांग. फार काही नको, ‘दादा, तुम्ही या महिन्यांत उधारी दिली म्हणून माझं मशीन चालू राहिलं, दर शनिवारी शंभर-दोनशे करत फेडते’, एवढंच. थोडे पैसे हातात ठेवूनच बोल म्हणजे त्यांनाही अवघडल्यासारखं होणार नाही.

हे मी मनाचं सांगत नाहीये. रोज पाच गोष्टी लिहा हे जे सगळीकडे फिरतं ना, त्याचं मूळ २००३ सालच्या एमन्स आणि मॅककुलॉ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आहे. त्यातल्या पहिल्या प्रयोगात आठवड्यातून एकदाच लिहायचं होतं, रोज नाही, आणि जे आभाराच्या गोष्टी लिहीत होते ते कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा बरे राहिले. पण लिहिणारी कॉलेजची मुलं होती, त्यांना वसुलीचे फोन येत नव्हते, हे डायरी विकणारे सांगत नाहीत. मात्र त्याच अभ्यासातल्या तिसऱ्या प्रयोगात स्नायूंच्या आजाराचे पेशंट होते, म्हणजे खरोखर त्रासात असलेली माणसं, आणि त्यांनाही फरक पडला, म्हणून मी डायरीला अगदीच मोडीत काढत नाही. पण त्याहून मला २००५ सालचा मानसशास्त्रज्ञ सेलिगमन आणि मंडळींचा प्रयोग पटतो. त्यात लोकांनी ज्याचे आभार कधी मानले नव्हते अशा माणसाला पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन दिलं. ज्या ज्या गोष्टी करून बघितल्या त्यात सुरुवातीला सगळ्यात जास्त बरं वाटलं ते यानेच, साधारण महिनाभर. महिन्यानंतर ओसरतं, हेही त्याच अभ्यासात आहे. मग परत दुसऱ्या कुणाकडे जायचं, काय बिघडतं.

मुलीचं मात्र आभाराच्या यादीत टाकू नकोस, म्हणजे ‘किती समजूतदार आहे माझी लेक’ म्हणून सोडून देऊ नकोस. नववीतलं पोर स्वतःहून क्लास सोडतं तेव्हा तिने तुमचं रात्रीचं बोलणं भिंतीआडून ऐकलेलं असतं. तिला समोर बसवून खरं सांग, बाबांचा पगार इतका झाला, हप्ता इतका आहे, बँकेत जाऊन आलो, आणि दहावीच्या वर्षाचं काय करायचं ते आपण मिळून ठरवू. तिला थँक्यू म्हण पण तिच्यावर तो भार ठेवू नकोस. मिस्टर मनाने कसे आहेत ते तू काहीच लिहिलं नाहीस. इतकी वर्षं एकाच मशीनवर काढलेल्या माणसाला घरी बसवतात तेव्हा तो बाहेरून गप्प होतो आणि आत काय चालतं ते कळत नाही. झोप लागत नसेल, खाणं सुटलं असेल, नको नको ते बोलत असतील तर १४४१६ वर फोन करा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात, फुकट आहे.

आणि कंपनीचे आभार वगैरे मानायचे नाहीत हं. हल्ली असंही सांगतात लोक, की नोकरी गेली हीसुद्धा संधी समजा. ग्रॅच्युइटी, राहिलेल्या रजांचे पैसे, पीएफ, सगळं मिळालं का ते आधी बघा. वर्कशॉपमध्ये दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही.

बहिणीला फोन कर. पैसे मागायला नको, नुसतं सांगायला.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय ३१. दोन वर्षांपूर्वी ऐन माल तयार असताना अवकाळी झाली, मणी तडकले, उरलेला माल ज्या व्यापाऱ्याला दिला तो अर्धे पैसे बुडवून पळाला. मामांनी दोन लाख दिले, बिनव्याजी. त्यांच्यामुळे औषधं, मजुरी निघाली, बाग उभी राहिली. पण मामा प्रत्येक लग्नात, दहाव्याला, पारावर सगळ्यांसमोर सांगतात की भाच्याला मी वर काढलं. मला त्यांचा राग येतो आणि राग आल्याचं वाईटही वाटतं. – एक शेतकरी

उत्तर : दादा, दोन्ही एकदम वाटू शकतं, राग पण आणि आभार पण, एकाने दुसरं खोटं ठरत नाही. मामांनी वेळेला पैसे दिले हे खरं, आणि गावभर सांगून ते तुझी किंमत कमी करतात हेही खरं.

माझं ऐकशील तर व्यवहार आणि नातं वेगळं कर. एका कागदावर लिही, दोन लाख घेतले, अमुक तारखेला, दर हंगामाला माल गेल्यावर इतके परत देणार, आणि सही करून मामांच्या हातात दे. ते म्हणतील अरे आपल्यात कागद कसले, तरी दे. छाटणीच्या वेळी नको, तेव्हा तुझ्याच हातात काही नसतं, खुडा झाल्यावरची तारीख टाक. पहिला हप्ता लहान असला तरी चालेल, वीस हजार दे, पण बँकेतून दे म्हणजे नोंद राहते. माझा अनुभव असा आहे की पैसे परत यायला लागले की माणसाचं सांगणं आपोआप कमी होतं, कारण सांगण्यात मजा राहत नाही.

आणि एक, गंमत वाटेल, पण पुढच्या लग्नात मामांनी सुरू करायच्या आधी तूच सांग. चारचौघांत, मोठ्याने, ‘माझी बाग मामांमुळे उभी राहिली’. एकदाच. मग त्यांना बोलायला काही उरणार नाही आणि तुझी मानही खाली जाणार नाही, कारण स्वतःहून सांगितलेल्या गोष्टीची लाज वाटत नाही. तरी ते थांबले नाहीत तर मामींना मध्ये घे. मामी असतातच त्यासाठी.

व्यापाऱ्याचं सोडू नकोस, सौदापावती, वजनाच्या चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज जे असेल ते घेऊन बाजार समितीत आणि पोलिसांत लेखी तक्रार दे, गावातल्या इतरांचेही बुडाले असतील तर सगळे मिळून जा.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. मुलाचा धंदा बसला, गेलं वर्षभर पेन्शनमधून त्याचं घरभाडं आणि नातवाची फी भरतोय. तक्रार नाही. पण एकदाही ‘बाबा, बरं झालं तुम्ही होतात’ असं म्हणाला नाही. हिला सांगितलं तर ही म्हणते मुलाकडून कसले आभार मोजता. – एक आजोबा

उत्तर : काका, वाटणारच, त्यात मोजण्यासारखं काही नाही. पण तुमचा मुलगा बोलत नाही ते त्याला जाणीव नाही म्हणून, असं मला वाटत नाही. चाळिशीतल्या माणसाला बापाकडून भाडं घ्यावं लागतं तेव्हा थँक्यू म्हणणं म्हणजे ‘मी हरलो’ म्हणण्यासारखं वाटतं त्याला, म्हणून तो दारातूनच निघून जातो, फोन लवकर ठेवतो. तुम्हीच थोडी वाट मोकळी करून द्या. पैसे देताना नको, दुसऱ्या वेळी, त्याच्याकडून एखादं काम करून घ्या, गाडीने देवळालीला सोड, मोबाइलमधलं ते अमुक बघून दे, आणि झालं की ‘बरं झालं तू आलास’ म्हणा. आपल्याकडे बाप लोक मुलांना हे म्हणतच नाहीत, मग मुलांना तरी सवय कुठून लागणार.

काकूंचं बरोबर आहे पण अर्धंच, हे त्यांना मी सांगितलं म्हणून सांगू नका.

बाकी एक व्यवहाराचं. मुलाच्या धंद्यासाठी एफडी मोडायचा विचार मनात असेल, तुम्ही लिहिलं नाही पण असणार, तर आधी बँकेत एफडीवर कर्ज विचारा, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याजाने मिळतं आणि एफडी चालू राहते. आणि तुमच्या दोघांच्या औषधपाण्याची एफडी वेगळी काढून ठेवा, तिच्याबद्दल मुलाला सांगितलं तरी चालेल पण हात लावू देऊ नका.